पिवळं निशाण

जहाजावर तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम असलेला सटवा धनगर रजेवर वडवणीला आला, आणि निजामाच्या मुलखात प्लेग पसरला. बायकोच्या काखेत गाठ दिसताच त्यानं तिला माळावरच्या खोपीत नेलं आणि वर पिवळं फडकं चढवलं. जहाजावर त्याचा अर्थ एकच: आत रोग आहे, जवळ येऊ नका.

दुपारी ढोल वाजवत, भंडारा उधळत वाडी माळ चढू लागली. पुढं त्याची आई ओरडत होती, "बिरोबाचं निशाण उभं राहिलंय!"

"माघारी फिर, आये! पलेग हाय!"

ढोलापुढं कुणालाच ऐकू गेलं नाही. त्यानं आईवरच धोंडा भिरकावला.

ढोल थांबले. त्याचं ओरडणं ऐकून लोक पळाले.

"एकट्यानं कसं करशील रं?" कपाळ फुटलेली आई चढतच राहिली.

सटवानं दुसरा धोंडा उचलला.