बायकोची चाळीस गाणी

जुना कॉम्प्युटर शेवटचे आचके देत होता, म्हणून बायकोने फर्मान काढलं, "अहो, सगळे फोटो आणि माझ्या गाण्याचे चाळीस व्हिडिओ क्लाउडवर चढवा." तिने तान घेतली, तर शेजारचा ठार बहिरा म्हातारासुद्धा उठून खिडकी लावून घेतो. मी फोटो इमानेइतबारे चढवले, व्हिडिओ तेवढे वगळले आणि कॉम्प्युटर भंगारात देऊन टाकला. मग चेहरा पाडून म्हणालो, "काय सांगू गं, व्हिडिओ चढलेच नाहीत. एकही वाचला नाही."

तिने मायेने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"एवढं काय मनाला लावून घेता! बसा समोर, मोबाइल नीट धरा. पहिल्यापासून म्हणते, आणि या वेळी प्रत्येक गाणं दोनदा, एक बॅकअपला."