तिखट नाक

डोंगरात हिंडायला म्हणून नवऱ्याने जीपची बॉडी चार इंच उंच करून घेतली, तेव्हापासून आत पेट्रोलचा वास मारायचा. चढ लागला की ती खिडकीबाहेर तोंड काढून बसायची आणि घरी आल्यावर ओकून ओकून आडवी व्हायची.

"अहो, कुठेतरी गळतंय," असं ती दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होती.

"तुझ्या नाकाचे नखरेच फार," म्हणून तो हसण्यावारी न्यायचा.

परवा जीप बघायला गिऱ्हाईक आलं. दार उघडताच म्हणालं, "पेट्रोलचा वास येतोय हो!"

नवरा त्याच दुपारी गाडीखाली शिरला. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीकडे जाणारा रबरी पाइप बॉडी उंच केल्यापासून तोकडा पडून ताणला गेला होता. त्याने लांब पाइप घातला, दोन क्लिपा आवळल्या. काम अर्ध्या तासाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी काठोकाठ भरून, जीप चढावर उभी करून त्याने तिला हाक मारली. "जरा आत बसून सांग बरं, वास येतोय का? तुझं नाक तिखट आहे."

दोन वर्षं नखरेल ठरलेलं नाक गिऱ्हाईकाच्या एका वाक्याने तिखट झालं होतं. ती बसली. खोल श्वास घेतला. वासाचा मागमूस नव्हता.

तरी तिला भडभडून उलटी झाली.