मंगळवारची भेट

"वारलेल्या माणसाचं बीपी तू मोजतेस तरी कसं गं?"

मोठ्या सिस्टरनी जिन्यातच रजिस्टर उघडून धरलं. पेशंटचं नाव आठ महिन्यांपूर्वी लाल शाईनं खोडलेलं, आणि त्याच पत्त्यावर दर मंगळवारी गृहभेट! एका आठवड्याचा खाडा नाही. घरी न जाताच सह्या ठोकणाऱ्या पुष्कळ जणी त्यांनी पाहिल्या होत्या. पण ही चिमणी? तोंडाचा पट्टा अखंड चालू, म्हणून दवाखान्यानं ठेवलेलं नाव ते. हल्ली मात्र ती गप्पच असायची. पोरीला पोच आली, असं मोठ्या सिस्टरना वाटलं होतं.

"त्यांच्या बायकोचं मोजते, ताई. एकट्याच असतात त्या."

"त्यांनी तुला ओळखलं नाही, तर नोकरी गेली म्हणून समज."

जिना चढून दोघींनी कडी वाजवली. दार उघडलं. "आलीस का बाळ? ये," आजी म्हणाल्या. मोठ्या सिस्टरचा जीव भांड्यात पडला. चला, निदान खोटेपणा तरी नाही!

आजींनी आपणहून हात पुढे केला. चिमणीनं पट्टा बांधला. "एकशे वीस, ऐंशी," ती पुटपुटली आणि लगेच उठून ओट्यावरची भांडी घासायला आत गेली. कुणी सांगितलं नव्हतं.

"गोळ्या कुठल्या चालू आहेत, आजी?"

"कसल्या गोळ्या? मला काही धाड भरलेली नाही." आजींनी आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ह्यांच्या छातीत दुखत होतं ना, तेव्हा हीच आली होती. पित्त असेल म्हणाली. दोन गोळ्या देऊन गेली. संध्याकाळी सगळं आटोपलं."

मोठ्या सिस्टरना महिनाअखेरीच्या बैठका आठवल्या. तेव्हा त्या दवाखान्यातल्या सगळ्या नर्सना घेऊन बसायच्या. काय चुकलं, कशाचा त्रास होतोय, ते मोकळेपणानं बोलावं, एवढ्यासाठीच ती बैठक. "मनाला लागलेलं काही?" हे त्या खाली मान घालून विचारायच्या, पेन कागदावर टेकवूनच. "काही नाही ताई," चिमणी म्हणायची. त्या तेच लिहायच्या. आठ बैठका झाल्या होत्या. जेवायच्या आत उरकतात, याचं त्यांना केवढं कौतुक!

"तिनं सांगितलं तुम्हाला, चूक झाली म्हणून?"

"एक अक्षर नाही. मीही विषय काढत नाही. येते, पट्टा बांधते, भांडी घासते, जाते."

आत नळ चालू होता. पोरीची बाजू सावरावी म्हणून मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "पण तिच्या येण्यानं तुम्हाला तेवढाच आधार वाटत असेल."

आजींचे डोळे भरून आले.

"आधार कसला, बाई? जिन्यात तिचं पाऊल वाजलं की तो दिवस जसाच्या तसा पुढ्यात उभा राहतो. सोमवारची सगळी रात्र जागून काढते मी. पण मीही दार लावून घेतलं, तर हे सगळं उरात घेऊन ही पोर जाईल कुणाकडे?"