सातव्या वर्षीची स्लाइड

सातव्या वर्षी मला रक्ताचा कॅन्सर झाला होता. तेव्हाच्या रक्ताची एक स्लाइड मी जपून ठेवली आहे. आता मी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्येच काम करते.

दर सोमवारी ती मायक्रोस्कोपखाली ठेवून मी त्यातल्या मोठ्या, जांभळ्या, रोगट पेशी मोजते. नेहमी एकशे बारा.

गेल्या महिन्यात ऐंशीच भरल्या. मग एकतीस. काचेवर रंगवून पक्क्या केलेल्या मेलेल्या पेशी कमी होत नसतात.

आज एकही नव्हती. तांबड्या पेशी मात्र जागच्या जागी होत्या.

शेजारच्या टेबलावरच्या ताईंना माझं सगळं ठाऊक आहे. त्यांनी वाकून पाहिलं.

"अगं, मग एवढी पांढरीफटक काय पडलीस? गेली ना पीडा एकदाची!"

"ताई, पण गेल्या कुठे?"

ताईंनी हातमोजे चढवले, कोरी स्लाइड आणि सुई काढली आणि माझं बोट धरलं.