तज्ज्ञांचा शेरा

चौथ्या वर्षीचं पत्रही दोनच ओळींचं होतं. विद्यापीठाच्या अंतर्गत संशोधन निधीसाठी आपला प्रस्ताव यंदा मान्य करता येत नाही. तज्ज्ञांचा शेरा : मांडणीत तटस्थता हवी.

भाषाशास्त्राच्या मॅडमनी ते संशोधन कक्षाच्या दारातच वाचलं. कक्षाचे जुने कारकून, ज्यांना सगळं विद्यापीठ तात्या म्हणायचं, त्यांनी मान वर न करता सांगितलं, की पुढच्या वर्षी पुन्हा भरा, होऊन जाईल.

विषय मॅडमच्या घरातलाच होता. त्यांचे वडील, अण्णा, छत्तीस वर्षं कापडगिरणीत विणकर होते. मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसे, म्हणून विणकरांनी हातांची आणि ओठांची एक भाषा करून घेतली होती. नाक चिमटीत धरलं, की मुकादम आला. मनगटावर दोन टिचक्या, की सुट्टीला अजून अवकाश आहे. लेक झाल्याची बातमी अण्णांना चार माग ओलांडून हातांनीच कळली होती.

आता गिरणी बंद होती. अण्णांचे कान तर कधीच गेले होते. ही भाषा येणारी माणसं एकेक करून कमी होत होती. मोबाइलवर चित्रण घेतलं तर बोटं नुसती पुसट दिसत. दोन चांगले कॅमेरे हवे होते आणि ते चालवणारा जाणकार माणूस.

पहिल्या वर्षीचा शेरा होता, ‘विषयाची व्याप्ती फार मोठी.’ मॅडमनी तीन गिरण्यांवरून काम एका गिरणीवर आणलं. दुसऱ्या वर्षी, ‘नमुना अपुरा.’ रविवारचे रविवार बसने हिंडून त्यांनी अकरा म्हातारे विणकर शोधून काढले. तिसऱ्या वर्षी, ‘पूर्वसंशोधनाचा आढावा त्रोटक.’ अख्खी सुट्टी ग्रंथालयात गेली. राग ओसरला की त्यांना कबूल करावं लागे, की शेरा लिहिणारा खडूस असेल, पण त्याचं बोट नेमकं दुखऱ्या जागी पडतं. विभागात त्या त्याला ‘आमचे तज्ज्ञ’ म्हणू लागल्या होत्या.

यंदा ते बोट थेट अण्णांवर पडलं होतं. प्रस्तावातली निम्मी उदाहरणं अण्णांची होती. ते आपले वडील असल्याचं मॅडमनी कुठे लिहिलं नव्हतं, पण आडनाव एकच होतं. तज्ज्ञांच्या नजरेतून ते सुटलं नाही. मॅडमना चोरी पकडल्यासारखं झालं. त्यांनी अण्णांना प्रस्तावातून काढलं. त्यांची सगळीच्या सगळी उदाहरणं. ती उदाहरणं दुसऱ्यांकडून पुन्हा गोळा करायला घेतली.

रविवारी सकाळी अण्णा नेहमीसारखा धुतलेला सदरा घालून, मॅडमना खुणा उतरवून द्यायला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मॅडम चपला घालताना दिसल्या, तसा त्यांनी तळहातावर अंगठा घासला. वही कुठे?

त्यांना ओठ वाचता यावेत म्हणून मॅडम समोर येऊन सावकाश बोलल्या, “अण्णा, तुम्ही माझे आहात ना, म्हणून तुमचं धरत नाहीत.”

अण्णांनी ते ओठांवरून वाचलं. मग तोंडाने बोलले. बहिऱ्या माणसाचा आवाज, गरजेपेक्षा मोठा.

“मग कुणाचा असायला हवा होतो?”

मॅडमची बस चुकत होती.

पुढचे दोन रविवार अण्णांनी सदरा बदलला. नंतर सोडून दिलं.

पाचव्या वर्षी शेरा आला, ‘समाजोपयोग स्पष्ट नाही.’ मॅडम कारखान्यांतल्या गोंगाटावर आणि कामगारांच्या सुरक्षिततेवर चार पानं लिहीत होत्या, तेव्हा अण्णांना दवाखान्यात हलवावं लागलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. शेवटच्या दुपारी त्यांचे हात सारखे हलत होते. उशाशी मॅडमचा धाकटा भाऊ होता. अण्णा तडफडताहेत असं वाटून त्याने नर्सला बोलावलं, तिने हात धरून ठेवले. मॅडम पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. भावाने ते हात कसे हलत होते, ते करून दाखवलं. पुन्हा पुन्हा करून दाखवलं. पण त्याला ती भाषा कधी आलीच नव्हती. मॅडमना त्यातल्या कशाचाही अर्थ लागेना.

सहाव्या वर्षी प्रस्ताव मंजूर झाला.

तोवर अकरांपैकी चौघं उरले होते, त्यातला एक अंथरुणाला खिळलेला. जेवढं मिळालं तेवढं मॅडमनी चित्रित केलं, त्यावर पुस्तक लिहिलं. पुस्तकाचं चांगलं नाव झालं. त्यात अण्णांचा उल्लेख नव्हता. प्रस्तावनेत मात्र पहिले आभार होते ते त्या अनामिक तज्ज्ञांचे, ज्यांनी पाच वेळा नकार देऊन हे काम पक्कं करून घेतलं.

दोन वर्षांनी मॅडमची निधी समितीवर नेमणूक झाली. त्यांनी चौदाच्या चौदा प्रस्ताव ओळन्‌ओळ वाचले आणि प्रत्येकावर पानभर अभिप्राय लिहून नेला. बैठक वीस मिनिटांत उरकली. अध्यक्षांनी दोन नावं वाचली, सगळ्यांनी माना हलवल्या, चहा आला.

बाहेर पडताना मॅडमनी आपली पानं तात्यांच्या टेबलावर ठेवली आणि मनातलं विचारलं. आपले प्रस्ताव तपासणारे ते तज्ज्ञ अजून या कामात असतील, तर त्यांना एकदा भेटायचं होतं.

तात्यांनी पानं चाळली. त्यांना अवघडल्यासारखं झालं.

“एवढं कशाला लिहीत बसलात, मॅडम? अर्ज बाहेर कुणाकडे जातच नाहीत. पाच शेरे ठरलेले आहेत. पहिल्या वर्षी पहिला, दुसऱ्या वर्षी दुसरा, असे मीच टाकतो.” त्यांनी पानं नीट जुळवून मॅडमच्या हातात परत दिली. “सहाव्यांदाही माणूस आला, तर शेरे संपलेले असतात. मग मंजूर करावंच लागतं.”