ऐंशीच्या वर

चौदा नंबरचं टोकन रुपरावांच्या हातात होतं आणि दोन लिटर पाणी पोटात. आत आत्ताशी नऊ नंबर गेला होता. रुपरावांनी पायावर पाय टाकला. मग पाय बदलला.

"काहून एवढे हलून राहिले, भाऊ?" शेजारच्या प्रयागबाईंनी विचारलं. "बाथरूम तिकडे आहे."

"माहीत आहे."

"मग जा ना."

"वजन झाल्यावर जातो."

"लोक आधी जातात जी. तेवढंच कमी भरते."

रुपरावांनी पुन्हा पाय बदलला. त्यांना कमी भरायचं नव्हतं.

धरमपेठेतल्या या वजन कमी करायच्या क्लिनिकात त्यांचं नाव मुलानं पुण्याहून घातलं होतं. बायको गेल्यापासून रुपराव एकदा जेवायला बसले की उठत नसत. उठून जायचं कुठे, हा प्रश्नच होता. वजन अठ्ठ्याऐंशीवर गेलं. क्लिनिकचा नियम सोपा होता. दिवसभरात दहा ग्लास पाणी, आणि ते प्यायलं की नाही हे विचारायला पाच फोन. दर रविवारी वजन; ते ऐंशीच्या खाली आलं की कोर्स संपला. एक सर्टिफिकेट, एक फोटो, फोन बंद.

फोन काजल करायची.

"काका, पाणी पेले का?"

"पेलो. तू जेवली का वं?"

काजल पारशिवनी गावची. इथे शहरात जरीपटक्यात खोली घेऊन एकटी राहायची आणि साठ लोकांना फोनवरून पाणी पाजायची. एकोणसाठ जण 'हो' म्हणून फोन ठेवत. रुपरावांना तिच्या डब्यातली आठवडाभराची भाजी पाठ होती. त्यांना आणखी एका मुलीचा फोन यायचा, कर्ज हवं का म्हणून; पण ती जेवली का विचारलं की लाइन कापायची.

पाण्यानं वजन खरंच उतरलं. अर्ध्या वेळा भूक म्हणून जी लागायची ती तहानच निघाली. महिन्याभरापूर्वी रुपराव घरच्या काट्यावर उभे राहिले आणि घाबरले. एकोणऐंशी सहाशे. म्हणजे रविवारी काजल संपली.

तेव्हापासून ते रविवारी घरून निघताना आठ ग्लास पाणी एका बैठकीत पिऊन निघत. तीन रविवार वजन एक्याऐंशीच्या वर राहिलं. क्लिनिक चालवणाऱ्या वैभवी मॅडमनी त्यांचं थायरॉईड तपासलं. मग साखर तपासली. मग क्लिनिकचा काटा बदलला.

आज चौथा रविवार. तेरा नंबरची बाई आत गेली ती बोलतच राहिली. पाऊण तास झाला. शेवटी रुपराव उठले.

परत आले तेव्हा चेहरा पार उतरला होता.

"बरं वाटून राहिलं ना आता?" प्रयागबाईंनी विचारलं.

"नाही," रुपराव म्हणाले.

ते कूलरपाशी गेले. कॅन रिकामा होता. 'भरपूर पाणी प्या' असं लिहिलेल्या पाट्या मात्र भिंतीवर सहा होत्या. त्या वाचून होतात न होतात तोच चौदा नंबर पुकारला.

आत मॅडम फाइल चाळत होत्या. काजल रजिस्टर घेऊन काट्याजवळ उभी होती. रुपरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. निरोपाचं वाक्य त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं: वेळेवर जेवत जा. बाकी काही सुचलं नव्हतं. ते चपला काढून काट्यावर चढले.

आकडा पळाला. एकोणऐंशी चारशेवर थांबला. रुपरावांनी डोळे मिटले.

"एक्याऐंशी तीनशे?" मॅडमचा आवाज आला. "काका, तुम्ही नक्की माणूसच आहात ना? काजल, लिही. अजून एक महिना."

"लिहिलं, मॅडम."

रुपरावांनी डोळे उघडून खाली पाहिलं. काट्याच्या मागच्या कडेवर, त्यांच्या टाचेला खेटून, एका निळ्या सँडलचं टोक नेटानं दाबून धरलेलं होतं.