माठाखालची बाटली

"बाटली इथेच? अन् मना पोऱ्या धुळ्याला?"

भागाबाईंनी माठाखालच्या ओल्या वाळूतून इन्सुलिनची बाटली उपसली आणि सुनेच्या नाकापुढे नाचवली. कमलनं ती घ्यायला हात पुढे केला.

भागाबाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. लग्नानंतर वर्षभरातच त्यांच्या पोराला, सुकदेवला, साखरेचं दुखणं जडलं. त्यानं स्वतःच घरी येऊन सांगितलं. रोज सकाळी दोघं नवराबायको दार लावून घेत, सुई उकळत, टोचत. चार दिवस चुकले तर माणूस हाती लागत नाही, असं पाचोऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलेलं. विलायतेत लढाई पेटल्यापासून महिन्याला एकच बाटली मिळे. आणि पोरगा कापूस विकायला गेला तो बाटलीवाचून!

"विसरले ते," कमल पुटपुटली.

"अन् तुले आठवण करून देता येत नव्हती? पांढऱ्या कपाळाची घाई शे का?"

हिचं बठ्ठं, सगळं नाटकच. नवऱ्याला गोड वर्ज्य म्हणून हिनंही सोडलेलं. आखाजीच्या सणाला घरभर पुरणपोळ्या, आणि ही कोरडी भाकर मोडत बसणार. गावातल्या बाया म्हणत, काय बाई पतिव्रता! भागाबाईंना ते ऐकून मिरच्या झोंबत. थोरल्या सुनेला फेफरं येतं असं कळताच त्यांनी तिला आठ दिवसांत माहेरी धाडली होती. ही मात्र धडधाकट म्हणून टिकून होती.

त्यांनी गडी वनाला हाक मारली. "गाडी धर अन् सुकदेवले शोधून ही बाटली दे."

कमलनं पाय धरले. "अक्का, बाटली नका पाठवू! माझं एक ऐका—"

"तुनं ऐकलं तेच खूप झालं!"

सटवी नवऱ्याच्या जिवावरच उठली होती. भागाबाईंनी तिला बैलगाडीत घालून भडगावला माहेरी लावून दिली. पोरगी रडत राहिली, आणि भागाबाईंना बरं वाटलं.

धुळ्याच्या गर्दीत सुकदेव सापडायला वनाला तीन दिवस लागले. पाचव्या दिवशी सुकदेव धापा टाकत घरात शिरला. हातात तीच बाटली.

"वाचला रे बाबा!" भागाबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "पण औषध तर तेवढंच शे? सुई टोची लिधी नही?"

"कमल कोठे शे?"

"दिली हाकलून. त्याच दिवशी. तुले मारायला बसली होती."

सुकदेव बाटली घेऊन परत दाराकडे वळला.

"माय, दुखणं माले कधीच नव्हतं. सुई मी तिले टोचत होतो."